आधी पाठ पाह्य

गेंड्याच्या पोटावर एक शिवण होती. डोकं, पुढचे पाय, दोन्ही शिंगं आणि पाण्यात उलटी दिसणारी तीच शिंगं, सगळं लख्ख. पोटापासून मागे मात्र तो पुसट होत गेला होता, पाटीवरच्या अक्षरांवरून ओलं बोट फिरावं तसा. आधी वाटलं, नेट मंद आहे, थोड्या वेळाने चित्र नीट उघडेल. थांबले. पुसट ते पुसटच राहिलं. मग लक्षात आलं. डावीकडचा फोटो निघाला तेव्हा गेंडा पाणी पीत निश्चल उभा होता. कॅमेरा वळवून उजवीकडचा काढेपर्यंत त्याने मागचा पाय उचलला होता. दोन्ही फोटो जिथे एकमेकांना जोडले गेले, ती रेघ नेमकी त्याच्या पोटावरून गेली.

रात्रीचे दोन वाजले होते. माझा डावा पाय उशीवर, प्लास्टरमध्ये. मार्गशीर्षात स्कूटरवरून पडले आणि नडगीचं हाड दोन जागी मोडलं. शेजारच्या खोलीत बाबा. वय त्र्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. सगळी नोकरी मेळघाटात वनपाल म्हणून केली, रोज दहा-बारा मैल पायी फिरले आणि आता पलंग ते न्हाणीघर एवढीच त्यांची बीट, म्हणजे गस्तीची हद्द, उरली आहे. अमरावतीच्या आमच्या घरात त्या हिवाळ्यात दोन माणसं जागच्या जागी खिळलेली होती. पुण्याच्या भाच्याला माझी दया आली असावी. त्याने टॅबलेट पाठवला आणि त्यावर एक दुवा. "मावशी, बोटाने फिरव. सगळीकडे बघता येतं," एवढंच लिहिलं होतं.

सगळीकडे म्हणजे खरंच सगळीकडे. डावीकडे, उजवीकडे, वर आभाळात, खाली पायाशी. पुढे मात्र एक पाऊलही टाकता येत नाही. माझी त्या दिवसांतली अवस्था हुबेहूब तीच होती, म्हणून मला तो प्रकार लगेच कळला.

तो गेंडा नामिबियातला. एतोशा राष्ट्रीय उद्यानात ओकाकुएयो नावाचा मुक्काम आहे. राहण्याच्या खोल्या, एक जुना मनोरा आणि मुक्कामाच्या कडेलाच एक पाणवठा. पाणवठ्यावर रात्रभर मंद पिवळे दिवे असतात. मधे कमरेएवढी दगडी भिंत, भिंतीअलीकडे बाकं. लोक बाकांवर बसून राहतात, कधी कधी उजाडेपर्यंत. काळा गेंडा तिथे रात्री पाण्यावर येतो आणि ज्यांना तो पाहायचा असतो ती माणसं जगभरातून त्या बाकांवर येऊन बसतात. १९७०च्या सुमारास आफ्रिकेत ६५,००० काळे गेंडे होते. शिंगांसाठी इतके मारले गेले की १९९५च्या आसपास अडीच हजारही उरले नाहीत. आता कुठे आकडा ६,०००च्या पुढे सरकला आहे आणि त्यातले सर्वांत जास्त नामिबियात आहेत. त्यांच्यातला एक माझ्या उशाशी, पोटावर शिवण घेऊन उभा होता.

मग मला त्याचं वेडच लागलं. दुखण्यामुळे झोप नसायची, त्यामुळे रात्री मोकळ्या. आफ्रिकेतल्या लॉजांनी स्वतःचे असे फोटो नेटवर ठेवलेले असतात, पाहुण्याला यायच्या आधीच सगळं दिसावं म्हणून. बरेचसे नकाशावरही सापडतात. लॉजांच्या खोल्यांचे फोटो मी लवकर ओलांडायला शिकले. मच्छरदाणी, पांढरी चादर, पायथ्याशी घडी घातलेला टॉवेल, लाकडी डेक, पुढे पोहण्याचा तलाव. टांझानियातल्या न्गोरोंगोरो विवराच्या काठावरची दृश्यं बघून तर मी थोडी हिरमुसलेच. विवर ६०० मीटर खोल, तळ २६० चौरस किलोमीटर. काठावर उभं राहून खाली पाहिलं की रानम्हशींचा अख्खा कळप मोहरीच्या दाण्यांएवढा. जागा भव्य आहे यात शंका नाही, पण मला अंगाशी येणारं जनावर हवं होतं.

तसं एक ठिकाण सापडलं, आणि गंमत अशी की तिथल्या चित्रात जनावरच नव्हतं. झांबियाच्या साउथ लुआंग्वा उद्यानात म्फुवे लॉज आहे. त्याच्या स्वागतकक्षाचा तो पॅनोरमा, म्हणजे असाच चहूकडे फिरवता येणारा फोटो. दोन्ही बाजूंनी मोकळा दिवाणखाना, काउंटर, पायऱ्या, पायऱ्यांखाली उन्हातली माती. दरवर्षी ऑक्टोबर संपता संपता तिथे हत्तींचं एक कुटुंब येतं आणि या दिवाणखान्यातून, काउंटरसमोरून, पलीकडच्या अंगणात जातं. पलीकडे जंगली आंब्याचं झाड आहे. नावाचाच आंबा तो, खरं म्हणजे शेंगांच्या कुळातला, पण फळ पिकलं की हत्तीला त्याच्यापुढे काही सुचत नाही. ती वाट हत्तींची पूर्वीपासूनची. लॉज त्या वाटेवर बांधलं गेलं. हत्तींनी वाट बदलली नाही, आणि माणसांनी दिवाणखाना दोन्हीकडून उघडा ठेवला. त्यांच्या एका म्होरकी हत्तिणीचा सुळा वाकडा होता. तिला सगळे त्या सुळ्यावरूनच ओळखत आणि तिच्या नावाने ते कुटुंब जगभर माहीत झालं. मी तो रिकामा दिवाणखाना कितीतरी वेळ फिरवत बसले. पायऱ्या मोजल्या. काउंटर आणि भिंत यांतलं अंतर नजरेने मापलं. हत्तीण इथून वळत असेल, पिल्लू तिच्या पोटाखालून या पायरीवर अडत असेल. चित्रात हत्ती असता तर मी एवढं पाहिलं नसतं.

हे फोटो कसे निघतात ते कळायला थोडे दिवस लागले. ट्रायपॉडवर कॅमेरा, त्याला खूप रुंद पाहणारी फिशआय लेन्स. गोल फिरत सहाएक फोटो, एक आभाळाचा, एक जमिनीचा. कॅमेरा कसाही फिरवून चालत नाही. लेन्समध्ये एक ठरावीक बिंदू असतो, त्याच्याभोवतीच तो फिरला पाहिजे. का, ते पलंगावर पडल्या पडल्या करून पाहता येतं. अंगठा नाकासमोर धरा आणि आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवरून उडी मारतो. कॅमेऱ्याचा बिंदू हलला की जवळचा खांब आणि लांबचं झाड अशीच उडी मारतात आणि मग फोटो एकमेकांवर बसत नाहीत. बसले की संगणक त्यांची शिवण पुसून टाकतो आणि एक लांबोळका आयत तयार करतो, उंचीच्या दुप्पट रुंद. त्यात आभाळ आणि जमीन ताणलेली दिसतात, जगाच्या नकाशात ग्रीनलँड ताणलेलं दिसतं ना, तशी. हा आयत पडद्यावर एका चेंडूच्या आतल्या बाजूला चिकटवला जातो आणि आपल्याला त्या चेंडूच्या मध्यावर उभं केलं जातं.

हौस जुनीच आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७मध्ये अशा गोल चित्राचं पेटंट घेतलं आणि १७९३मध्ये लंडनला लेस्टर चौकात त्यासाठी गोल इमारत उभी केली. लोक पैसे भरून अंधाऱ्या बोळातून मधल्या चौथऱ्यावर चढत आणि स्वतःभोवती फिरून चित्र पाहत. पॅनोरमा हा शब्दही तेव्हाचाच, दोन ग्रीक शब्द जोडून केलेला: सगळं आणि दिसणं. पुढे १९९५मध्ये अ‍ॅपलने संगणकावर ते माउसने फिरवायची सोय केली, २००७मध्ये गूगलच्या गाड्या असे फोटो काढत रस्तोरस्ती फिरू लागल्या आणि मग कॅमेरे पाठीवर बांधून माणसं जंगलात शिरली. २०१४मध्ये गोम्बे आलं, टांझानियातलं चिंपांझींचं जंगल. चिंपांझींचा अभ्यास करायला जेन गुडॉल तिथे १९६०मध्ये पहिल्यांदा उतरल्या होत्या. त्यांचं तिथलं घरही आतून पाहता येतं. २०१५मध्ये केनियातलं सांबुरू आलं, नदीकाठच्या हत्तींसकट.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगायचे. ते ऐकून घ्यायचे, बोलायचे नाहीत. त्यांना पडद्यावरची जंगलं आवडत नाहीत. टीव्हीवर वाघ लागला की ते म्हणतात, गाणं बंद करा, मग पाहू. एके दिवशी मी सांबुरूऐवजी ट्रीटॉप्सची गोष्ट काढली आणि ते सावरून बसले. केनियात अ‍ॅबरडेअरच्या रानात १९३२ साली एका मोठ्या झाडावर मचाण बांधलं गेलं, पाहुण्यांनी रात्र काढावी म्हणून. खाली पाणवठा. फेब्रुवारी १९५२मध्ये इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तिथे रात्री राहिली आणि त्याच रात्री तिचे वडील इंग्लंडमध्ये सँडरिंगहॅमला वारले. त्या रात्री मचाणावर जिम कॉर्बेट होता, नरभक्षक वाघांवर पुस्तकं लिहिणारा शिकारी. कुमाऊँ सोडून तो म्हातारपणी केनियातल्या न्येरीला जाऊन राहिला होता आणि १९५५मध्ये तिथेच गेला. १९५४मध्ये, इंग्रजांविरुद्धच्या माउ माउच्या लढ्यात, ते मचाण जाळलं गेलं. नंतर बांधलं ते दुसरं.

बाबांना कॉर्बेट सगळा पाठ. "दाखव," म्हणाले.

मी ट्रीटॉप्स न दाखवता ओकाकुएयोचा दिवसाचा पॅनोरमा उघडून टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला, कारण तिथे जनावरं भरपूर होती. झेब्रे, स्प्रिंगबॉकचा कळप आणि हत्ती. एतोशाचे हत्ती पांढुरके दिसतात. तिथली माती चुन्याची आहे, तीच धूळ ते अंगावर उडवून घेतात. उद्यानात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरची एक मिठागरासारखी सपाट जमीन आहे. एतोशा या नावाचा अर्थच मोठी पांढरी जागा असा सांगतात. मला वाटलं, बाबा हत्तींकडे पाहतील.

त्यांनी हत्तींकडे पाहिलंच नाही. बोट अवघडत फिरवत विचारलं, "हवा कोनीकडची हाय?"

"चित्रात हवा कशी कळणार, बाबा?"

"गवत कोनीकडं लवलं ते पाह्य ना." त्यांनी पाण्यावरच्या बारीक लाटा पाहिल्या, झुडपांचे शेंडे पाहिले आणि हवा कुठली ते ठरवलं. मग म्हणाले, बहुतेक जनावरं हवा जाते त्या अंगाने आली असणार. पाण्यावर येणारं जनावर वारा तोंडावर घेऊन येतं. तिकडे फिरवून पाहिलं तर खरंच, झुडपांतून पाण्याकडे येणारी पायवाटांची एक जुडी त्याच बाजूला होती. मी तो पॅनोरमा तोवर वीस वेळा तरी पाहिला होता. पायवाटा पाहिल्या नव्हत्या.

मग ते खाली आले, पाण्याकाठच्या जमिनीवर. तिथे त्यांची निराशा झाली. "इथं काही उमटत नाही बाई, नुसता गोटा हाय." चुनखडीचे तुकडे होते सगळे. चिखल नाही, माती नाही, ठसा नाही. आणखी खाली, स्वतःच्या पायांपाशी आले तर तिथे जमीनच नव्हती, एक गोल शिक्का होता. ट्रायपॉडचे पाय झाकायला फोटोग्राफर तिथे आपलं बोधचिन्ह लावतात. मी तसं सांगितलं. "हे कायले झाकलं?" ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं सकाळी उठून आधी जमीन वाचली, त्याला पायाखालची जमीन झाकलेली कशी चालेल?

बाकाजवळ एक फांदी अगदी कॅमेऱ्यावर आली होती. बाबांनी बोटांनी ती मोठी केली. "आपटा हाय का गं हा?" पान मधोमध दुभंगलेलं, दोन पाकळ्यांचं. मी शोधलं. झाडाचं नाव मोपाने. एतोशातलं बहुतांश झाडोरं त्याचंच, आणि हत्तींचं ते आवडतं खाद्य. भर दुपारी त्याची पानं मिटून कडेवर उभी राहतात, ऊन अंगावर पडू नये म्हणून, आणि मग झाडाखाली सावलीच उरत नाही. आपट्याच्या लांबच्या नात्यातलं म्हणता येईल, दोन्ही शेंगांच्या कुळातली. बाबांना एवढं पुरलं. दसऱ्याला सोनं म्हणून जे पान आपण एकमेकांच्या हातावर ठेवतो, तशी पानं तिकडे हत्ती खातो, हे त्यांनी दुपारी दूध घालायला आलेल्या मुलालाही सांगितलं.

हे सगळं झाल्यावर त्यांनी ते केलं ज्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. पाणवठ्याकडे पाठ केली.

माझ्या लहानपणापासून बाबांचं हे वाक्य मी ऐकत आले आहे. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्यांवर प्राणीगणना असायची. नाले आटलेले, पाणी मोजक्याच जागी, आणि चांदणं असं की दिव्याची गरज नाही. दुपारी मचाणावर चढायचं ते दुसऱ्या दिवशी उतरायचं. आता वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप आहेत, ती रात्र लोकांसाठी निसर्गानुभव म्हणून राहिली आहे. मी कॉलेजात असल्यापासून बाबांबरोबर जायची. मचाणावर बूड टेकलं रे टेकलं की माझे डोळे पाण्याकडे. आणि बाबा दरवर्षी खांदा धरून वळवायचे. "आधी पाठ पाह्य, बाई. पान्यावर जनावर येतेच. पाठीमागून काय येते ते कोनी सांगत नाही." मागची झाडं, झुडपं, चढ, उतार, दगड, सगळं उजेड आहे तोवर पाहून ठेवायचं, म्हणजे अंधारात त्यातला एक दगड जास्त झाला तर कळतं. एका वर्षी ढाकण्याच्या बाजूला असा एक दगड जास्त झाला होता. अस्वल होतं ते, मचाणाच्या खाली, आमच्या पाठीशी, किती वेळ बसलेलं देव जाणे.

तर बाबांनी ओकाकुएयोत पाठ पाहिली. तिथे माणसं होती.

बाकांच्या दोन रांगा. एक म्हातारं जोडपं, दोघांत मिळून एक दुर्बीण. कॅमेऱ्याला डोळा लावून वाकलेला एक माणूस, त्याची मान लाल झालेली. आईच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपलेलं मूल, एका पायातला बूट पडलेला. कॅमेरा भिंतीशी असल्यामुळे ही सगळी माणसं आपल्याकडेच पाहताहेत असं वाटतं. ती पाहत असतात आपल्याला ओलांडून, पाण्याकडे. म्हणजे पाण्यावरून मान वर करणाऱ्या जनावराला जे दिसतं, ते आपल्याला दिसत असतं.

साध्या फोटोत ही मंडळी कधीच नसतात. वन्यजीवांचा फोटो म्हटला की त्यात माणूस नको, तार नको, गाडी नको. चौकट आहे ती त्यासाठीच, नको ते बाहेर ठेवायला. मीही तशाच फोटोंवर वाढले आणि आफ्रिका म्हणजे माणूस नसलेलं एक अफाट कुरण अशी समजूत करून घेतली. पॅनोरमाला चौकट नाही. फोटोग्राफरने मनात आणलं तरी त्याला पाठ लपवता येत नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक ठिकाणी आधी पाठ पाहू लागले. केनियातल्या मारा नदीचा एक पॅनोरमा आहे. समोर विल्डबीस्ट नावाची मोठी हरणं दरडीवरून पाण्यात उड्या घेताहेत. सेरेंगेटी ते मसाई मारा असा वर्षभर फिरणारा हा तेरा लाखांच्या आसपासचा जमाव, त्यातली ही एक तुकडी. धुळीचा लोट, पाण्याचा फेस, वर आलेली शिंगं. आता पाठ. सोळा गाड्या, मी मोजल्या. छतं उघडलेली, प्रत्येक छतातून चार-पाच जण कमरेपर्यंत वर आलेले, सगळ्यांचे हात चेहऱ्याशी. शेवटच्या गाडीचा चालक मात्र नदीकडे पाठ करून, दाराच्या पायरीवर बसून डब्यातलं काहीतरी खातो आहे. त्याच्यासाठी तो कामाचा दिवस आहे. त्याच्या हातातला घास मला त्या नदीइतकाच लक्षात राहिला आहे. या माणसांच्या पैशावर ते कुरण टिकलं आहे हे खरं, आणि त्याच गाड्यांमुळे कळपाची नदी ओलांडायची जागा अडते हेही खरं. दोन्ही एकाच चित्रात, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून आहेत.

आपल्या भाषेत सिंहावलोकन हा शब्द आहे. सिंह चार पावलं चालला की थांबून मागे वळून पाहतो, म्हणून. आपण तो शब्द वार्षिक अहवालांना देऊन टाकला. बाबांसारख्या माणसांसाठी ती रोजची सवय होती. आणि सफारी? तो स्वाहिलीतला शब्द, अर्थ साधा प्रवास. तो आला अरबी सफरवरून, म्हणजे आपण मराठीत सफर म्हणतो त्याचंच ते भावंड. त्या किनाऱ्यावर गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, पैशाला पेसा. ये-जा किती जुनी आहे!

पण पाठ पाहूनही न दिसणारं काही उरतंच, आणि ते मला बाबांमुळेच कळलं. त्यांनी ओकाकुएयोचा पूर्ण फेरा घेतला आणि विचारलं, "इथं गाव कोनतं होतं?"

मला ठाऊक नव्हतं. वाचत गेले. एतोशा राखीव म्हणून जाहीर झालं १९०७ साली, जर्मन अंमलात. त्याच्या आधीपासून तिथे हाईओम लोक राहत होते, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारे. प्रत्येक पाणवठ्याला त्यांचं नाव होतं, प्रत्येक पाणवठा कुठल्या ना कुठल्या घराण्याचा होता. राखीव झाल्यावरही बरीच वर्षं ते तिथे राहिले. १९५४मध्ये त्यांना निघायला सांगितलं गेलं. पुष्कळ जण भोवतीच्या गोऱ्यांच्या शेतांवर मजूर झाले. सेरेंगेटीतून १९५९मध्ये मसाई निघाले, ते न्गोरोंगोरोच्या बाजूला वसले. आणि २०२२पासून न्गोरोंगोरोतल्याही मसाईंना लांब म्सोमेराला हलवणं सुरू झालं. यातलं काही कुठल्याही पॅनोरमात दिसत नाही. कॅमेरा गोल फिरतो, वर-खाली पाहतो, पण मागे, वर्षांच्या मागे, त्याला वळता येत नाही.

मी वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग कोहाबद्दल बोलायला लागले. कोहा, कुंड, बोरी ही मेळघाटातली कोरकू आदिवासींची गावं, व्याघ्र प्रकल्पातून उठवून बाहेर वसवली गेलेली. बाबा तोवर निवृत्त झाले होते. पण एकदा जुन्या सहकाऱ्यांबरोबर ते कोह्याच्या जागेवर गेले. गवत छातीएवढं वाढलेलं, सांबरांच्या लेंड्या ताज्या, वाघाचं येणं-जाणं. वनखात्याच्या माणसाला आनंद व्हावा असंच सगळं, आणि तो झालाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण गवतात चालता चालता पायाला तीन दगड लागले. चुलीचे. काळे. बाबांनी त्या घरात चहा घेतला होता, अनेकदा. घरधन्याचं नाव त्यांना आठवत होतं, त्याच्या बकऱ्या किती होत्या तेही. त्यांनी ते दगड हलवले नाहीत.

एवढं सांगून त्यांनी टॅबलेट मला परत दिला आणि दोन दिवस मागितला नाही.

वैशाख आला तोवर मी काठी घेऊन चालत होते. मचाणाची शिडी चढणं अर्थातच शक्य नव्हतं, आणि बाबांना तर मेळघाट बंदच झालेला. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी त्यांनी जुनी वही काढली. पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्याने शिवलेली. पट्टी घेऊन रकाने आखले: वेळ, प्राणी, नर-मादी-पिल्लू, आल्याची दिशा, गेल्याची दिशा, शेरा. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात दोन खुर्च्या टाकल्या, मधे स्टूल, स्टुलावर टॅबलेट. घरातले दिवे मालवले. अमरावतीची वैशाखातली रात्र, भिंती अजून तापलेल्या, कंपाउंडच्या बाहेर कुठेतरी टिटवी ओरडत होती. वर आमचा चंद्र. खाली ओकाकुएयोचा रात्रीचा पॅनोरमा, तोच, शिवणीच्या गेंड्याचा.

बाबांनी आधी पाठ पाहिली. या चित्रात बाकांवर ब्लँकेटं गुंडाळलेली सात माणसं होती, त्यांनी ती शेऱ्यात लिहिली. मग डावीकडून हळूहळू पाण्याकडे. जिराफ एक, लांब, झाडाआड, पाय फाकवायच्या बेतात. मी तोवर त्याला झाड समजत होते. मग कोल्हे. काळ्या पाठीचे, पाण्याच्या दोन टोकांना एक एक.

"कोल्हे दोन," मी म्हणाले.

बाबांनी लिहिलं नाही. चित्र मोठं केलं, एका कोल्ह्यावर थांबले, मग दुसऱ्यावर गेले, परत पहिल्यावर आले. "एकच हाय तो. कान पाह्य." दोन्ही कोल्ह्यांच्या उजव्या कानाला टोकाशी तीच एक चीर होती. एका फोटोत तो इकडे होता, पुढच्या फोटोपर्यंत चालत तिकडे गेला होता, आणि संगणकाने दोन्ही ठेवले. फोटो कसे जोडतात ते मी बाबांना कधी नीट सांगितलं नव्हतं. त्यांनी पट्टीच्या आधाराने आकडा लिहिला: १. आल्याची दिशा, गेल्याची दिशा, दोन्ही भरल्या.

शेवटी गेंडा. नर, प्रौढ. आल्याची दिशा त्यांनी पायवाटांच्या जुडीवरून लिहिली. मला वाटलं, पुढचा रकाना रिकामा राहणार. चित्रातून कोण कुठे जाणार! बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टॅबलेट डोळ्यांशी नेला. गेंड्याच्या त्या पुसट मागच्या भागावर, जो मला चार महिने चूक वाटत होता, त्यांचं बोट फिरत राहिलं. पुसटपणा कुठे दाट होता, कुठे लांबवर ओढला गेला होता. मागचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला टाकलेला.

"पानी झालं त्याचं," बाबा म्हणाले. "वळला."

आणि वहीत लिहिलं: गेल्याची दिशा, उजवीकडे, झुडपांत.